वन्संच्या हातचा उजेड

आमच्या वन्संना धूळ दिसते. तशी ती तुम्हा-आम्हालाही दिसते, पण आपल्याला साचल्यावर दिसते. वन्संना ती येतानाच दिसते. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की मी म्हणते, छान ऊन पडलंय. वन्सं म्हणतात, बघ केवढे कण उडताहेत. मी धुतलेला कप त्या उजेडाकडे धरतात, आतून न्याहाळतात आणि काही न बोलता पुन्हा धुतात. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, नणंद आहे, नणंदेसारखी वागायचीच. पुढे कळलं की यात माझा काही खास मान नव्हता. त्या सगळ्या जगाचेच कप पुन्हा धुतात. आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ. लहानपणी वन्संनी यांचे कान इतके घासलेत की अजूनही कुणी मागून हाक मारली तर हे आधी कानाला हात लावतात. आईवडील लवकर गेले. वन्संनी भावाला वाढवलं, शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही, आणि मी आल्यावर पुढची उजेडाची खोली माझ्या शिवणयंत्राला देऊन आपण मागच्या लहान खोलीत गेल्या. हे सगळं मला ठाऊक आहे, म्हणून तर कपाबद्दल मी कधी भांडले नाही. बडबडले मात्र भरपूर.

खरी अडचण कपाची नव्हतीच, दोऱ्यांची होती. मी कोट शिवते. कोटाला अस्तर लागतं, अस्तराला दोरा लागतो, आणि दोऱ्याचे तुकडे कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. गालिच्यात, उशीत, आमटीत, कुठेही सापडतात. धुळीचा तिटकारा असलेली नणंद आणि शिंपीण भावजय एका छपराखाली, म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. रोज सकाळी कामाला निघताना वन्सं दाराशी उभ्या राहून चिकटपट्टीचं रीळ अंगावरून फिरवत. बाह्या, पोट, पदर. पाठीसाठी त्यांनी एका फूटपट्टीला उलटी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. ती खांद्यावरून मागे घालून अशा काही वाकायच्या की बघणाऱ्याची कंबर धरावी. एकदा मी म्हटलं, आणा, पाठीवरचे मी काढते. त्या म्हणाल्या, तुला दिसायचे नाहीत. पुन्हा मी विचारलं नाही.

हा सोपस्कार उगाच नव्हता. वन्संचं कामच तसं होतं, आणि ते काय आहे हे सांगताना पहिली काही वर्षं माझी फजिती व्हायची. शेजारीण विचारायची, तुमच्या नणंदबाई काय करतात? मी म्हणायची, प्लास्टिकला धातूचा मुलामा देतात. ती म्हणायची, म्हणजे बाहुल्या वगैरे? मग मी चहाचं विचारायची.

प्लास्टिकमधून वीज जात नाही, म्हणून तर तारेवर प्लास्टिक असतं, एवढं मला शाळेत शिकवलं होतं. वन्संच्या प्रयोगशाळेतलं प्लास्टिक निराळं. त्याच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात, आणि त्या साखळीत एक जोड एकेरी, पुढचा दुहेरी, पुन्हा एकेरी, पुन्हा दुहेरी, असं शेवटपर्यंत चालतं. हे मला चटकन कळलं, कारण एकाआड एक टाका घालत गेलं की शिवण कशी दिसते ते मी रोज बघते. त्या शिवणीवरून वीज सरकते. दोन्ही बाजूंनी नीट सरकली तर ते प्लास्टिक चक्क उजळतं.

आता काम ऐका. काचेचा लहानसा चौकोन घ्यायचा. त्याच्यावर आधीपासूनच आरपार दिसणारा, वीज वाहणारा एक थर असतो. त्यावर त्या प्लास्टिकच्या द्रावाचा थेंब टाकायचा आणि काच गरगर फिरवायची. थेंब पसरतो आणि दुधावर धरते तशी साय धरते, फक्त इतकी पातळ की तिच्यापुढे केस म्हणजे दोरखंड. मग त्या सायीवर धातू चढवायचा. धातू कोणता, तर कॅल्शियम. मी विचारलं होतं, दुधात असतं ते? वन्सं म्हणाल्या, तेच, पण ते धातू म्हणून पाहिलंस तर ओळखणार नाहीस. चांदीसारखं असतं आणि हवा लागली की तोंड काळवंडतं. म्हणून हे सगळं एका बंद टाकीत, आतली हवा पंपाने ओढून घेऊन करायचं. होडीच्या आकाराच्या छोट्या तबकडीत कॅल्शियम ठेवायचं, तबकडी तापवायची, धातूची वाफ होते आणि ती सायीवर जाऊन बसते. त्यावर ॲल्युमिनियमचं पांघरूण. मग नमुना काचेखाली बंद करून मोजणीवाल्याच्या हाती द्यायचा. तो वीज लावतो आणि किती उजेड पडला ते सांगतो.

वन्सं म्हणायच्या, सायीकडे सगळे बघतात, धातूकडे सगळे बघतात, पण खरा खेळ ते दोघं जिथे एकमेकांना टेकतात तिथे चालतो. ती जागा डोळ्याला दिसत नाही, आणि बिघडतं ते तिथेच.

हे काम वन्संनी वर्षानुवर्षं एका जुन्या टाकीवर केलं. तिला प्रयोगशाळेत सगळे म्हातारी म्हणत. काचेची मोठी हंडी पालथी घातल्यासारखं तिचं रूप, खाली तेलकट वासाचा पंप, आणि हंडीच्या काठाखालचं रबराचं कडं म्हातारीच्या कवळीसारखं कधी धड न बसणारं. कुठून तरी हवा आत झिरपायचीच. वन्सं रोज घरी येऊन म्हातारीच्या नावाने बोटं मोडायच्या. नवीन टाकी हवी म्हणून त्यांनी मोठ्या बाईंचा, म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, इतका पिच्छा पुरवला की शेवटी नवीन टाकी आली. पोलादी, लखलखीत, समोर गोल खिडकी. तिचं नाव आपोआप नवरी पडलं. हवा किती उरली ते दाखवणारा तिचा काटा म्हातारीने जन्मात पाहिलं नसेल एवढं खाली उतरायचा. वन्संना इतका आनंद झाला की त्यांनी आम्हा दोघांना बाहेर जेवायला नेलं, आणि तिथला पेला फक्त एकदाच पुसला. म्हातारी भंगारात गेली, तिचा पंप दुसऱ्या विभागाने नेला.

आणि नवरीच्या पायगुणाने उजेडच गेला.

पहिले नमुने वन्संनी मोठ्या उमेदीने मोजणीवाल्याकडे दिले. ते उजळले, पण तेल संपत आलेल्या दिव्यासारखे, आणि थोड्याच वेळात मान टाकली. दुसरे तसेच. तिसरेही तसेच. वन्संनी काचा दुप्पट धुतल्या, मग चौपट. काही उपयोग नाही. एकदा त्या चाचरत म्हणाल्या की टाकीतच काही बिघाड असेल, तर मोजणीवाला हसत म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. तो मनाचा वाईट नाही, त्याला फक्त म्हणी सुचतात. तरी टाकी बनवणाऱ्यांचा माणूस येऊन दोन दिवस तपासून गेला. टाकी निर्दोष होती. काच तीच होती, प्लास्टिक तेच, धातूही तोच. मग बदललं काय असेल? कुणी बोललं नाही, पण निवृत्ती जवळ आलेल्या बाईच्या हाताकडे लोक कसे बघतात ते वन्संना कळत होतं.

घरी याचा ताप आम्हाला. वन्संनी आधी खिडक्यांचे गज घासले, मग गजांच्या मागची भिंत घासली. माझी दोऱ्यांची रिळं एकेक करून पिशवीत बांधली. कप आता तीनदा धुतले जात. मला राग येत होता, पण एके दिवशी मी स्वयंपाकघरात गेले तर वन्सं काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला हातात घेऊन एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत हळूहळू चालत होत्या. पाणी सांडतं का ते बघत होत्या. माझा राग तिथेच गळून पडला. मी आवाज न करता मागे फिरले. यांनी जबरदस्तीने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक, हात ठीक, काही झालेलं नाही. वन्संना त्याने जास्तच धास्ती बसली. काही झालेलं सापडलं असतं तर त्यावर औषध तरी असतं.

मग मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. बाई चांगल्या आहेत, वन्संना मान देतात. अगदी गोड शब्दांत म्हणाल्या की पुढच्या महिन्यापासून धातू चढवायचं काम दुसऱ्या कुणाला शिकवू, तुम्ही निवृत्तीपर्यंत भांडार सांभाळा, तिथे दगदग नाही. भांडार म्हणजे हातमोजे, बाटल्या, साबण देण्याची खोली.

वन्सं घरी येऊन माझ्या यंत्राजवळ बसल्या. तिथे त्या कधी बसत नाहीत, दोरे लागतात म्हणून. म्हणाल्या,

"माझा हात गेला गं."

मी भ्याले होते. ज्या बाईंनी मला शिवण शिकवलं त्यांचा हात म्हातारपणी गेला होता. सुई ओवता येईना म्हणून त्या दिवसभर नुसत्या कापडावरून हात फिरवत बसायच्या. वन्संचं तसं होऊ नये, एवढंच मनात येत होतं. मी त्यांना चहा करून दिला. त्यांनी कप उजेडाकडे धरला नाही, तेही मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दाराशी थांबल्याच नाहीत. चिकटपट्टीचं रीळ खिळ्याला तसंच लटकत होतं. त्या दिवसांत मी एक निळा कोट शिवत होते, आणि वन्संच्या पाठीवर, बाह्यांवर निळे दोरे मला लांबूनही दिसत होते. मी हाक मारली, अहो वन्सं, दोरे. त्या मागे न वळता म्हणाल्या, राहू दे, काय फरक पडतो. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं. यांना मी म्हटलं, आज त्यांना एकटीला पाठवायला नको होतं. हे कानाला हात लावून उभे राहिले.

पुढचं सगळं वन्संनीच मला नंतर सांगितलं, एकदा नाही, दहादा, आणि दरवेळी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

त्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे नवरीचं झाकण उघडलं आणि काठावरचं रबरी कडं पुसलं. अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा डगला होता, पण तो घालताना आतल्या बाहीवरचा एक दोरा मनगटाशी आला असावा. वाकल्या, पुसलं, नमुने आत ठेवले, झाकण लावलं, पंप सुरू केला. काटा उतरू लागला आणि नेहमीच्या बराच वर येऊन थांबला. खाली जाईना. म्हणजे कुठून तरी थोडी हवा आत येत होती. एरवी वन्संनी सगळं उघडून पहिल्यापासून सुरुवात केली असती. त्या दिवशी त्या खुर्चीत बसून काट्याकडे बघत राहिल्या आणि मनात म्हणाल्या, नाहीतरी विझायचेच आहेत. होडी तापवली, धातू चढवला, नमुने काचेखाली बंद करून मोजणीवाल्याच्या टेबलावर ठेवले आणि भांडारातल्या कपाटाची किल्ली कुठे असते ते विचारायला गेल्या.

परत आल्या तर मोजणीवाला उभा होता. त्याने खोलीतले दिवे घालवले होते आणि त्याला एकही म्हण सुचत नव्हती. टेबलावरचा चौकोन पिवळाधमक उजळला होता, म्हातारीच्या चांगल्या दिवसांत उजळायचा तसा. दोघं वाट बघत राहिले. तो विझेना. मोजणीवाला धावत मोठ्या बाईंना घेऊन आला. बाईंनी दारातूनच पाहिलं, त्यांचा चेहरा खुलला आणि त्या म्हणाल्या की अहो, तुमचा हात परत आला की, भांडाराचं आता विसरा.

वन्संनी यावर नुसती मान हलवली. त्यांना तो वर अडकलेला काटा दिसत होता. सगळे गेल्यावर त्यांनी टाकी उघडली, विजेरी लावून कडं बघितलं, आणि रबरावर आडवा पडलेला एक निळा दोरा त्यांना सापडला. माझा.

मला विचाराल तर मी तो खिशात घातला असता. कुणाला कळणार होतं? बाई खूष, नोकरी जागेवर, हात परत आलेला. पण वन्संनी चिमट्याने तो दोरा उचलला, काचेच्या बशीत ठेवला आणि बाईंच्या खोलीत जाऊन बशी त्यांच्यापुढे सरकवली. सांगितलं की मी घाण घेऊन आत गेले, कड्याखाली दोरा राहिला, काटा अडकला होता तो मी पाहिला आणि तरी काम पुढे रेटलं. मी पुढे एकदा म्हटलं, वन्सं, हात दाखवून अवलक्षण ते हेच. तर म्हणाल्या, "अगं, पण मग दुसऱ्या दिवशी काय केलं असतं? रोज तुझा एक दोरा चोरून नेला असता?"

बाई रागावल्या नाहीत. बशीकडे बघत बसल्या. मग विचारलं, काटा नेमका कुठे थांबला होता? वन्संनी सांगितलं. बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चला, पुन्हा करू या. दोरा तसाच टाकून एकदा, दोरा काढून एकदा.

दोरा टाकला की नमुना उजळायचा, काढला की विझायचा. मग बाईंनी दोरा बाजूला ठेवला आणि टाकीला एक बारीक झडप बसवून घेतली. तिच्यातून अगदी मोजून, चिमूटभर हवा आत सोडली, तेव्हाही उजळला. जरा जास्त सोडली तर धातूचा नुसता खडू झाला आणि काळोख. त्यांनी नमुन्यांचा पृष्ठभाग दुसऱ्या एका यंत्राखाली एकेक थर करून तपासून घेतला. काही दिवस वन्सं घरी यायच्या त्या थकलेल्या असायच्या, पण पेला घेऊन चालत नव्हत्या. मी काही विचारत नव्हते. देव करो आणि नजर न लागो, असं मनातल्या मनात म्हणत होते.

मग एका संध्याकाळी त्या लवकर घरी आल्या. मी निळ्या कोटाचं अस्तर जोडत होते. त्या माझ्याजवळ बसल्या आणि बाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगू लागल्या. नवरीत हवाच उरत नाही. त्यामुळे धातूच्या वाफेला आडकाठी करणारं कुणी नसतं. ती सायीवर बसते आणि बसल्या जागी न राहता आत मुरते. तिथे ती त्या एकेरी-दुहेरी शिवणीचे टाके बिघडवते. शिवण बिघडली की उजेड मेला. पण आत थोडी हवा असली की धातू आणि साय जिथे टेकतात तिथे गंजाचा एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो. तो धातूला पलीकडे घुसू देत नाही, पण विजेला अडवत नाही.

मी हातातला कोट वर धरला आणि म्हटलं, "म्हणजे अस्तर."

वन्संनी कोटाकडे पाहिलं. जाडंभरडं लोकरी कापड बाहेर, आत निळं मऊ अस्तर. ते नसेल तर तीच लोकर सदरा खाते, मानेचं कातडं खाते, आणि चांगला कोट कुणी अंगाला लावत नाही. त्या म्हणाल्या, हो, अस्तरच. मग अचानक हसू लागल्या. म्हणाल्या, "अगं, म्हणजे ती म्हातारी इतकी वर्षं गळत गळत स्वतःच अस्तर लावत होती. आणि मी तिला शिव्या घालत होते."

मी म्हटलं, अति तेथे माती. त्या म्हणाल्या, मातीच कमी पडली. आम्ही दोघी एवढ्या हसलो की हे दुसऱ्या खोलीतून घाबरून आले. त्यांना वाटलं आम्ही भांडतोय.

हसू ओसरल्यावर वन्सं सावरून बसल्या. बाई शेवटी काय म्हणाल्या ते त्यांनी सर्वांत मागे ठेवलं होतं. बाईंनी त्यांना बसवलं, स्वतः समोर बसल्या आणि म्हणाल्या होत्या, "तुमचा हात कधी गेलाच नव्हता. शंका मी घेतली, ती चूक माझी. तुमचा हात होता म्हणून तर दरवेळी सगळं तंतोतंत तेच होत होतं आणि फरक कशाने पडला ते सापडलं. दुसऱ्या कुणाच्या हातात आम्हाला काहीच कळलं नसतं."

माझा जीव भांड्यात पडला. इतके दिवस तो कुठे टांगला होता ते तेव्हा मला कळलं. यांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि डोळे पुसायच्या आधी दोन्ही कान पुसले. त्या दिवशी वन्सं पोटभर जेवल्या. ताट मी घासलं. सुट्टीच्या दिवशी त्या ऊन वर येईपर्यंत झोपून राहिल्या, तर आम्ही दोघं घरभर चवड्यांवर चालत होतो, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मी यंत्रालाही हात लावला नाही, आवाजाने त्या उठतील म्हणून.

बाईंनी आम्हाला प्रयोगशाळा बघायला बोलावलं. आत जाताना आम्हाला डगले दिले, टोप्या दिल्या, आणि वन्संनी आमच्या दोघांच्या पाठीवरून स्वतः चिकटपट्टी फिरवली. नवरी खरंच देखणी होती. तिच्या अंगाला आता एक पितळी झडप होती, नवी नथ घातल्यासारखी. मोजणीवाल्याने दिवे घालवले. वन्संनी तारा जोडल्या, आणि काचेवर नखाएवढा एक चौकोन पिवळा उजळला. हे म्हणाले, एवढासाच? वन्सं म्हणाल्या, एवढासाच. मी त्या चौकोनाकडे कमी आणि त्याच्या उजेडात दिसणाऱ्या वन्संच्या बोटांकडे जास्त बघत होते. ती जराही हलत नव्हती. लोकांच्या हातची भाजी असते, चटणी असते. हा आमच्या वन्संच्या हातचा उजेड होता, आणि मला त्याचा अभिमान वाटला, अगदी मी स्वतः लावल्यासारखा.

निघताना बाईंनी मला त्यांच्या टेबलावरची काचेची बशी दाखवली. निळा दोरा अजून तीत होता. बाईंनी विचारलं, हा कोणाचा? मी म्हटलं, माझा. शिंपिणीच्या घरातला, बाई, चुकून आला. त्या म्हणाल्या, चूक असू दे, दोरा मी ठेवून घेते. मोजणीवाला मागून म्हणाला, सुतावरून स्वर्ग गाठला हो तुम्ही. या वेळी त्याची म्हण सगळ्यांना आवडली, आणि वन्सं तर मोठ्याने हसल्या.

घरात फार काही बदललं असं समजू नका. कप अजून उजेडाकडे धरला जातो. झडपेतून हवा मोजून सोडायची म्हणजे अंगावरचे दोरे चालत नाहीतच. उलट आता जास्त जपावं लागतं, कारण आत जाईल तेवढं सगळं हिशोबातलं हवं. म्हणून त्या भेटीनंतरच्या आठवड्यात वन्सं नेहमीसारख्या दाराशी उभ्या राहिल्या, रीळ घेतलं, बाह्या झाल्या, पोट झालं, पदर झाला. मी यंत्रावरून बघत होते. आता फूटपट्टी निघणार आणि ती कसरत सुरू होणार, असं मी धरून चालले होते.

वन्संनी फूटपट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्यापर्यंत आल्या, रीळ माझ्या हातात दिलं आणि वळून उभ्या राहिल्या.

"पाठीवरचे तू काढ," त्या म्हणाल्या.

मी उठले, त्यांना खिडकीच्या उजेडात घेतलं आणि मानेपासून कमरेपर्यंत सावकाश चिकटपट्टी फिरवली. निळे निघाले, पांढरे निघाले, एक कुठला तरी जुना तांबडाही निघाला. शेवटी मी म्हटलं, झालं. वन्संनी आरशात पाहिलं नाही. चपला घातल्या, बरं येते म्हणाल्या, आणि कामाला गेल्या.